वाचकांचे प्रश्न : पहिल्या सामन्यासाठी कोणता गट निवडावा?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून एका बँकेत नोकरी करते. गेले दीड वर्ष आठवड्यातून तीन दिवस पहाटे गंगापूर रस्त्यापलीकडच्या एका पागेत घोडेस्वारी शिकते. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथेच हौशी स्वारांसाठी शो जंपिंगचे, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याचे, सामने आहेत. सरावात मी ८० सेंटीमीटर उंचीचे अडथळे घेत असल्यामुळे त्याच गटात नाव द्यावे, असे आमचे उस्ताद म्हणतात. ६० सेंटीमीटरच्या गटात बहुतेक शाळकरी मुले आहेत आणि त्यांच्यासोबत उतरायला मला संकोच वाटतो. माझी घोडी पागेचीच, स्वभावाने गरीब, पण फडफडणाऱ्या वस्तूला बिचकणारी आहे. शिवाय दहा अडथळ्यांचा क्रम माझ्या लक्षात राहत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुम्ही ६० च्या गटात नाव द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरावात ८० चा अडथळा घेणे आणि रंगीत दांडे, मंडप, ध्वनिक्षेपक व माणसांची गर्दी यांच्यामध्ये तसेच दहा अडथळे एकापाठोपाठ घेणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ६० सेंटीमीटरचा अडथळा ही घोडीच्या दृष्टीने कॅन्टरची, म्हणजे मध्यम दौडीची, जरा मोठी ढांग असते. तुम्ही तिरक्या आलात किंवा उडीचे अंतर चुकले, तरी ती तुम्हाला सांभाळून पलीकडे नेते. ८० वर ही सूट कमी होते. तिने लांबून उडी घेतली आणि तुम्ही मागे राहिलात, तर लगामाचा हिसका थेट तिच्या तोंडाला बसतो. पुढच्या अडथळ्यापाशी ती थांबली, तर त्यात तिचा दोष नसतो.

संकोचाचे म्हणाल, तर घोडेस्वारीत वय फारसे आड येत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजसाठी, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेसाठी, उतरले, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. मुलांची मांड पुष्कळदा आपल्यापेक्षा पक्की असते, हे मात्र आधीच मनाशी मान्य करून ठेवावे. उस्तादांना नकार देणे अवघड वाटत असेल, तर त्यांना एवढेच विचारा, की त्या दिवशी ही घोडी आणखी किती स्वारांना घेऊन मैदानात जाणार आहे. पागेच्या गरीब घोडीवर सगळ्यांचीच नजर असते, आणि चौथ्या फेरीला आलेली दमलेली घोडी ८० वर दांडे पाडणार, हे तेही जाणतात.

क्रम लक्षात राहण्यासाठी नकाशा पाठ करू नका. सामन्यापूर्वी स्वारांना पायी मैदान फिरू देतात. त्या वेळी एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे सरळ रेषेत न चालता, ज्या वळणाने घोडी नेणार आहात त्याच वळणाने चाला आणि प्रत्येक अडथळ्यावर उभे राहून पुढच्याकडे पाहा. लाल निशाण उजव्या हाताला आणि पांढरे डाव्या हाताला, ही खूण विसरू नका. उलट बाजूने घेतलेली उडी बाद करते. अंतर पावलांनी मोजावे. साधारण ९० सेंटीमीटरचे एक, अशी चार पावले म्हणजे घोड्याची एक ढांग, जिला मैदानावर सगळे स्ट्राइडच म्हणतात. उडीनंतर टेकण्यासाठी दोन आणि पुढच्या उडीपूर्वी दोन पावले वेगळी धरावी लागतात, म्हणून वीस पावलांचे अंतर चार स्ट्राइडचे होते. तुमची घोडी लहान चणीची असेल, तर तेच अंतर ती पाचात काढील. तसे झाल्यास तिला घाई करू नका.

दांडा पडल्यास ४ दंडगुण आणि पहिल्या नकारालाही, म्हणजे घोडी उडी न घेता अडथळ्यापाशी थांबली तरी, ४ दंडगुण मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दुसऱ्या नकाराला स्वार बाद होतो. स्थानिक सामन्यांत कधी आणखी एक संधी देतात, म्हणून प्रवेशपत्रिकेसोबतचे नियम वाचावेत. घंटा झाल्यावर सुरुवात करण्यासाठी ४५ सेकंद असतात, आणि हा वेळ पुष्कळ असतो. माझ्या पहिल्या सामन्यात मी पंचांना सलाम केला आणि घंटेची वाट न पाहता थेट पहिल्या अडथळ्यावरून उडी मारली. उडी सुरेख झाली होती. मी बाद झालो, आणि मोतद्दाराने घोडा परत नेताना माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

बिचकण्यावर उपाय आजपासूनच सुरू करा. द्राक्षबागांत पाखरे हाकलण्यासाठी बांधतात त्या चमकदार फिती आपल्याकडे सहज मिळतात. एक फीत सराव मैदानाच्या कुंपणाला दूरच्या कोपऱ्यात बांधा आणि घोडीला लगाम सैल ठेवून त्या बाजूने नुसते चालवा. ती थांबून पाहू लागली, तर पाहू द्या. टाच मारून पुढे ढकलू नका. दोनतीन दिवसांनी फीत जवळ आणा. घोड्याला कपाळासमोर अगदी जवळची वस्तू दिसत नाही आणि नीट पाहायचे असेल तेव्हा तो मान हलवून डोळे जुळवतो, म्हणून अशा वेळी लगाम आखडून मान बांधली, की भीती उलट वाढते. पतंगांची मात्र काळजी घ्या. संक्रांतीनंतरही झाडाझुडपांत मांजा लोंबत राहतो. सामन्याच्या सकाळी मैदान आणि तिथवरची वाट कोणीतरी पायी फिरून तपासावी. मांजा घोडीच्या पायाला जितका घातक, तितकाच तुमच्या गळ्याला.

जानेवारीच्या थंडीत घोडी नेहमीपेक्षा तरतरीत असते. तिला नेहमीपेक्षा दहा मिनिटे अधिक चालवून आणि दुडकीवर ठेवून मगच उडीकडे वळवा, आणि सरावाच्या उड्या पाचसहावर थांबवा. तिथे चांगली उडी झाली, की आणखी एक मारण्याचा मोह होतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, चढण्यापूर्वी एकदा आणि थोडे चालवल्यावर पुन्हा तपासा. टोप पूर्वी एकदा पडण्यात आपटलेला असेल, तर वरून धड दिसला तरी नवा घ्या.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी याच सामन्यात उतरणार आहे. उडी मारताना पोट जड होऊ नये, म्हणून घोड्याला सकाळपासून उपाशी ठेवावे, असे कोणी सांगितले. हे योग्य आहे का?
— एक पालक, सिन्नर

उत्तर : नाही. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते आणि ते थोडेथोडे सतत खाण्यासाठीच असते. फार वेळ रिकामे राहिल्यास आम्लाने त्याला जखमा होतात. खुराक, म्हणजे हरभरा किंवा ओट, स्वारीपूर्वी दोनतीन तास देऊ नये, पण थोडे सुके गवत पुढ्यात असू द्यावे. पाणी बंद करू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे मुलीने लाडाने नेलेली गुळाची ढेप त्या दिवशी पिशवीतच राहू द्या, आणि फेरी संपून घोडा निवल्यावर एक लहानसा खडा द्या.