कोल्हापूरची 'तालीम' नक्की कसली?

प्रश्न असा आलाय की कोल्हापुरात गल्लोगल्ली 'अमुक तालीम मंडळ' असे बोर्ड दिसतात, आत गणपती बसतो, कपाटात फुटबॉलचे कप, कुस्ती मात्र कुठं दिसत नाही, मग ही तालीम कसली? पुण्यामुंबईकडं तालीम म्हटलं की नाटकाची, हिंदीत शिक्षण. आणि हा शब्द 'ताल'वरून आलाय का?

शेवटचं आधी उरकतो. 'ताल'शी काही संबंध नाही. मूळ अरबी, अर्थ शिकवणं, फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला. इल्म, मालूम, उलेमा ही त्याचीच भावंडं. (तालेवार मात्र या घरातला नाही, तो नशीबवान या अर्थाचा वेगळाच शब्द, दिसायला सारखा म्हणून लोक फसतात.) हिंदी-उर्दूनं जुना अर्थ तसाच ठेवला, म्हणून १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली शिक्षणाची योजना 'नई तालीम' झाली. मराठीनं त्यातली वही-पुस्तकं बाजूला सारली आणि वस्तादासमोर रोज तेच तेच घोटून घेणं तेवढं ठेवलं, मग ते डाव असोत, नाटकातले प्रवेश असोत की गाण्यातल्या ताना.

आता गंमत बघा, हे तिन्ही अर्थ कोल्हापुरात एकाच काळात शेजारी शेजारी नांदलेत. शाहू महाराज १८९४ ते १९२२ गादीवर होते, त्यांनी खासबाग मैदान बांधून घेतलं, १९१२ चं ते, विलायतेच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम बघून कल्पना सुचली असं सांगतात, आणि त्याला अगदी लागून पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह (२०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेच). म्हणजे भिंतीच्या एका बाजूला मल्ल आणि दुसऱ्या बाजूला नट. त्यात दरबारी गायक अल्लादियाँ खाँसाहेब, त्यांच्याकडं जे शिकायचे तेही 'तालीम घेतली' असंच म्हणायचे, गाण्यातली माणसं आजही तसंच म्हणतात. तिघांचा आश्रयदाता एकच.

कोल्हापुरात तालीम आणि आखाडा यांची गल्लत करू नका. तालीम ही रोजची जागा, वास्तू. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, लाल मातीच्या हौद्यात लढत करायची, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असलं काय काय पडतं, आणि वस्ताद म्हणेल ते ऐकायचं. बाहेरगावची पोरं तिथंच राहतात, स्वयंपाकही तिथंच. जिथं चार लोकांसमोर कुस्ती लागते तो आखाडा, आणि 'मैदान' म्हणजे तर नुसती जागा नाही, अख्खा कार्यक्रमच: 'परवा आमच्या गावात मैदान हाय' म्हणजे कुस्त्या आहेत. नावं घेऊन सांगायचं तर मोतीबाग, शाहूपुरी, गंगावेश या खऱ्या कुस्तीच्या तालमी, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मोतीबागेचे. गंगावेश म्हणजे मुळात गंगावेस, पंचगंगेकडची गावाची वेस, पण असं दुरुस्त करून बोलाल तर लोक तुम्हालाच परगावचे ठरवतील.

मग ती फुटबॉलवाली तालीम? पेठेतली पोरं संध्याकाळी जमायची ती जागा तालीमच होती, त्यामुळं गणपती, मोहरमचे पंजे, भांडणं मिटवणं, मयताला धावून जाणं, सगळं तिच्याच नावानं व्हायला लागलं. बाबूजमाल तालमीत तर पंजेही बसतात आणि गणपतीही. पुढं फुटबॉल आला तेव्हा टीमला वेगळं नाव शोधायची गरजच पडली नाही, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्ख्या पेठा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. हौदा आटला तरी नाव राहिलं, आणि कोल्हापूरकराला 'तू कुठल्या तालमीचा?' असं विचारलं तर तो व्यायामाचं नाही सांगत, पेठेचं सांगतो. माझ्या मते शब्दकोशात हा अर्थ स्वतंत्र द्यायला पाहिजे, नुसतं 'व्यायामशाळा' लिहून भागत नाही. पुण्यातही चिंचेची तालीम वगैरे आहेत की, पण तिथं हे नाव पत्ता सांगायला जास्त कामाला येतं.

'अमक्या नेत्याच्या तालमीत तयार झालेला' हे पेपरातलं वाक्य अर्थातच कुस्तीच्या तालमीतून आलंय, नाटकाच्या नाही, अर्थात नेत्यांच्या बाबतीत दोन्ही लागू पडतं म्हणा.

राहिलं लिहिण्याचं. ती तालीम, अनेकवचन तालमी, विभक्ती लागली की 'तालमीत', 'तालमीचा'. 'तालीमीत' असं बोर्डावर दिसतं कधीकधी, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही.