आजी बॅगेला दप्तर का म्हणते?

पिल्लू,

तुझा व्हॉइस मेसेज ट्रेनमध्ये ऐकला. आजी तुझ्या बॅकपॅकला दप्तर म्हणते आणि तिच्या हिंदी सिरीयलमधले काका रोज सकाळी 'दफ्तर'ला जातात, मग ते काय बॅगेत जाऊन बसतात का! एकटीच हसत सुटले, शेजारचा माणूस बघायला लागला.

अगं शब्द एकच आहे. फारसीतून आला, आपण त्यातल्या फ चा प केला. आणि फारसीच्याही मागे गेलं तर ग्रीक, तिकडे दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. पूर्वी कातड्यावर लिहायचे ना, म्हणून मग लिहिलेले कागद, हिशेबाची वही, सगळ्यालाच ते नाव पडलं. तुझ्या वर्गातल्या इजिप्तच्या मैत्रिणीला विचार, तिच्याकडे दफ्तर म्हणजे अजूनही वहीच. हिंदीत वह्या ठेवायची जागा म्हणजे ऑफिस झालं, आपल्याकडे त्याला कचेरी होतीच, तर आपण वह्या कोंबायच्या पिशवीला दप्तर केलं. (घशाचा डिप्थेरिया, आजी घटसर्प म्हणेल, तोही ह्याच ग्रीक शब्दावरून, घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. त्याची लस टोचली तेव्हा तू आख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होतास.)

कागदांचा अर्थ पण मराठीत टिकलाय हं. आजोबांना म्हण पेशवे दप्तर दाखवा, पुण्यात कौन्सिल हॉलजवळ आहे. पेशव्यांच्या वेळचे कागद, बरेचसे मोडीत, फडक्यात बांधून ठेवलेले, आणि त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल! नाक पुसायचा नाही. गो. स. सरदेसायांनी त्यातले नुसते निवडक कागद १९३० पासून छापायला घेतले तरी ४५ खंड झाले. पूर्वी मुलं पण पाटी-पुस्तकं अशीच फडक्यात बांधून शाळेत न्यायची, मला वाटतं तिथूनच हे नाव बॅगेला चिकटलं असणार.

आणि आजोबा कुठल्यातरी सरकारी ऑफिसातून हात हलवत परत आले की 'दप्तरदिरंगाई' म्हणून करवादतात बघ, ते हेच दप्तर, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना लावतात ते.

माझं पहिलं दप्तर आजीने आजोबांच्या जुन्या खाकी पँटचं शिवलं होतं, एका बाजूला पँटचा खिसा तसाच ठेवलेला, त्यात मी चिंचा ठेवायचे. पावसात सगळं भिजायचं, वह्यांची शाई फुटायची, मग आजी वह्या तव्याजवळ वाळवायची आणि गृहपाठाला भाकरीचा वास यायचा. वर्गात बाकीच्यांची दुकानातली होती म्हणून मी रडले पण होते, आता ते कुठे मिळालं तर काय वाट्टेल ते देईन.

तर आजी 'दप्तर आवर' म्हणाली की 'आजी ही बॅग आहे' असलं शहाणपण नको, आवर. परवाचं केळं अजून आतच आहे असं कळलंय मला.

तुझी आई