द्राक्षाच्या गावात राहणं कसं असतं? तिथे सगळे वाइन पितात का?

आधी वाइनचं सांगतो. मी जालना जिल्ह्यातल्या एका द्राक्षाच्या गावचा. वाइनची बाटली गावात आजवर एकदाच पाहिली, तीही पुण्याच्या जावयानं आणलेली. काकांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "नासलेल्या मालाला एवढी किंमत?" वाइनच्या बागा मुख्यतः नाशिककडे. शिराझ, कॅबर्ने ही द्राक्षंच निराळी, बारीक मण्यांची, जाड सालीची, आत बी असलेली. साखर २२-२४ ब्रिक्सला (रसातली साखर मोजायचं माप) गेली की तोडतात. आमची थॉमसन, माणिक चमन खायची. ती १८ च्या आसपास आली की व्यापारी दारात.

गावाचं वर्ष छाटणीवर चालतं. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठी, ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजे घडांसाठी. ऑक्टोबरात पाहुणे आले तर चहा मिळतो, माणूस भेटत नाही. तो बागेत काडीच्या डोळ्यांना ते फुटावेत म्हणून पेस्ट लावत असतो. फेब्रुवारी-मार्चात माल निघतो, म्हणून लग्नं मेच्या उन्हात. फळछाटणीनंतर रात्री पाऊस झाला तर डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं पहाटे चारलाच गावभर ब्लोअर, म्हणजे फवारणीची यंत्रं, सुरू होतात. काय फवारलं ते शेजाऱ्याला खरं कोणी सांगत नाही. पण विरळणी आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायका असतात, आज या बागेत, उद्या त्या. कुणाचा घड सुटलाय, कुणाच्या पानावर भुरीचा रोग आलाय, हे मालकाआधी त्यांना कळतं. गावाची खरी बातमी हवी असेल तर त्यांच्या जेवणाच्या वेळी बांधावर जाऊन बसावं.

आणि पाणी. जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामं सुरू झाली, पुढे शेततळी झाली. २०१२ च्या दुष्काळात आसपास टँकर फिरत होते, तेव्हा तिथल्या बागा हिरव्या होत्या. आमच्या गावानं ते बघायला जरा उशीर केला. माझ्या चुलत्यानं तळं खोदलं होतं, पण पाणी मुरू नये म्हणून तळ्यात घालायचा प्लास्टिकचा कागद पुढच्या वर्षी टाकू म्हणाला. त्या उन्हाळ्यात सहा वर्षांची बाग त्यानं स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. तारा आणि अँगल तेवढे उभे राहिले, त्यावर काकू वर्षभर कपडे वाळत घालायची. आता सोयरीक जुळवताना लोक एकर नंतर विचारतात, आधी म्हणतात, "तळ्याला कागद हाये का?"

(व्यापाऱ्यानं चेक देऊन फोन बंद करण्याचे किस्से प्रत्येक घरात आहेत. आमच्याही. ते परत कधीतरी.)

यायचं असेल तर फेब्रुवारीत या. पोटभर खा, कोणी नाही म्हणणार नाही. फक्त वेलीवरच्या घडाला हात लावू नका. मण्यावर पांढरट पावडर दिसते ती औषधाची नसते, मण्याचीच असते. बोट लागलं की पुसली जाते आणि व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो.