बेकरीत पाडलेली नानकटाई

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज रात्री वाचला. आत्याकडच्या ताईच्या रुखवतासाठी तिच्या सगळ्या मैत्रिणी परवा पीठ-तूप घेऊन जुन्या नाशकातल्या बेकरीत निघाल्यात आणि डबे उचलायला तुला धरलंय. आत्याकडे एवढा चांगला ओव्हन असताना हा खटाटोप कशाला, असं तू विचारतोस. शिवाय रुखवत नुसतं मांडूनच ठेवतात, मग कॉलेज रोडवरून चार खोकी आणली तर काय बिघडलं? फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन आत्या स्पीकरवर टाकते आणि मग मला मोकळं बोलता येत नाही.

आधी हिशोब कर. ताईचा बेत ५ किलो मैद्याचा आहे म्हणतोस. किलोला ६०० ग्रॅम तूप आणि ६०० ग्रॅम पिठीसाखर धरली तर ११ किलोचा गोळा होतो. २५ ग्रॅमची एक म्हटली तरी ४४० नानकटाया. आत्याच्या ओव्हनमध्ये एका वेळी १२ मावतील, कारण त्या पसरतात, खेटून ठेवून चालत नाही. एक घाणा २० मिनिटांचा. म्हणजे ३७ घाणे, बारा तासांच्या वर, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. आणि आत्याला त्याच ओट्यावर पाहुण्यांचा स्वयंपाकही करायचाय.

बेकरीच्या भट्टीत नानकटाया मांडलेले कितीतरी पत्रे एकदम आत जातात. पण खरी गंमत तिच्या आचेत आहे. पहाटे पावासाठी ती कडक तापवलेली असते. त्या आचेवर नानकटाई घातली तर तूप वितळून ती पसरते, कडा करपतात आणि पोटात कच्ची राहते. पाव उतरले, लाकडं ओढून घेतली की विटा हळूहळू निवत जातात आणि दुपारपर्यंत आच अशी उतरते की नानकटाई निवांत भाजली जाते. म्हणून बेकरीवाले घरगुती माल पाडून द्यायला दुपारीच बोलावतात. सकाळी आठला जाऊन उभे राहिलात तर नुसते पाव बघत बसाल.

आत्याच्या लग्नात हे काम माझ्याकडे होतं. मी नववीत होतो, सायकल माझी होती, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही. कॅरियरला तुपाचा डबा, हँडलला पिशव्या, असा पंचवटीतून होळकर पुलावरून रविवार कारंजा आणि पुढे भद्रकालीच्या गल्ल्यांत. मुली रिक्षांनी पुढे गेलेल्या. आजीने निघताना घरचे पत्रेही माझ्या गळ्यात मारले होते, कारण बेकरीच्या पत्र्यांवर अंड्याचा केक होतो. भट्टीवाल्या चाचांनी ते पत्रे पाहिले, काही न बोलता धुऊन पुसून घेतले आणि वर आमच्याच समोर कोरा कागद अंथरला. घरोघरच्या आज्या त्यांना पाठ असाव्यात.

तूप फेसायचं काम बघ जवळून. मोठ्या परातीत घट्ट तूप आणि पिठीसाखर घालून तळहाताने एकाच दिशेने फिरवत राहायचं. आधी ते रवाळ, पिवळट असतं, हाताला ओढतं. मग हलकं होत होत सायीसारखं पांढरं पडतं. झालं की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात त्यातला कण टाकतात. तळाला गेला तर फेसणं चालू, तरंगला तर बास. एका मुलीचा खांदा भरून आला की दुसरी हात घालते, म्हणून मैत्रिणी लागतात, नुसत्या शोभेला नाही. मग मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, चमचाभर दही, सोडा, वेलची. आणि इथे हात आवरायचा! पोळीच्या कणकेसारखं मळलं की नानकटाई चिवट होते. गोळा बांधला गेला की थांबायचं. आमच्या पत्र्यांवर चारोळी होती आणि शेजारी दुसऱ्या एका लग्नघराची टुटीफ्रुटी, म्हणजे भट्टीतून बाहेर आल्यावर भांडण नको.

आता रुखवताबद्दल. वधूकडचे ते मांडतात आणि मग ते नवऱ्या मुलाच्या घरी जातं, तिथे शेजारीपाजारी वाटलं जातं. खाल्लं जातंच, फक्त आपल्यासमोर नाही. म्हणून टिकणारे पदार्थ लागतात, आणि नानकटाईत पाणी जवळजवळ नसल्याने ती पंधरा दिवस सहज राहते. पण खरं सांगू? मला रुखवताचा तो भाग कधीच आवडला नाही. पूर्वी ती मुलीची परीक्षाच असायची. विहीणबाई चकली मोडून बघणार, करंजीची मुरड न्याहाळणार, आणि मुलीच्या आईचा जीव टांगणीला. आता सगळं विकत मिळतं तर ती परीक्षा गेली, बरं झालं.

बेकरीतली दुपार मात्र त्या परीक्षेतली नव्हती. तिथे ना विहीण, ना काकू, ना मामी. धगीपाशी मोठ्या बायका येतच नसत. मी होतो, पण मला कोणी हिशोबात धरत नव्हतं. आत्या परातीपाशी पदर खोचून बसलेली, कोपरापर्यंत तूप, आणि एकीने उखाणा घातला:

नानकटाईला पडल्या भेगा चार,
...रावांची स्कूटर ढकलायला मैत्रिणी तयार.

तुझ्या आतोबांची स्कूटर पाहायला आल्या दिवशी आमच्या दारात बंद पडली होती, म्हणून हे. (ताईला विचार, तिने हे ऐकलेलं नसणार.) घरी कुणासमोर आत्या एवढ्या मोठ्याने हसली नसती. नोकरी सोडायची की नाही, सासरी कोण कसं आहे, हेही तिथेच बोलणं झालं. ओव्हन घरच्या ओट्यावर असतो आणि ओट्यापाशी सगळे ऐकत असतात. म्हणून ताईने बेकरी निवडली असेल तर मला नवल वाटत नाही.

तुझ्यापुरतं सांगतो. जुना शर्ट घाल, तुपाचे डाग जात नाहीत. भट्टीतून आलेली नानकटाई मऊ असते, उचलायला जाऊ नकोस, गार झाली की आपोआप कडक होते. गरम असताना डबा भरायला कोणी घाई केली तर अडव. आत वाफ धरते आणि सगळा माल मऊ पडतो, पूर्ण गार होईपर्यंत सुती कापडावर पसरून ठेवा. मजुरी किलोमागे ठरलेली असेल, ती आत्याकडून आधीच घेऊन ठेव, आणि पहिल्या पत्र्यातल्या चार-सहा भट्टीवर काम करणाऱ्यांना द्यायला विसरू नका. मोडलेल्या रुखवतात जात नाहीत, त्या तिथेच खायच्या. मुली मुद्दाम मोडतील, तू बघितलं नाहीस असं दाखव.

तुझा,
बाबा