बेने इस्राएल लोकांत लग्न कसं जमवतात? लव्ह मॅरेज चालतं का?

चालतं की, पण आधी घरचे शोधतातच. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, माझा कॉलेजचा दोस्त बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू (यहुदी), घरात आपल्यासारखंच मराठी, म्हणून जवळनं बघितलंय. या लोकांची मूळ गावं कोकणात रायगडकडं, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून नावच पडलं शनिवार तेली, आडनावं पण पेणकर, रोहेकर अशी गावावरनं. आता १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले, भारतात सगळे ज्यू मिळून जेमतेम पाचेक हजार राहिलेत, त्यामुळं स्थळ म्हणजे पुण्या-मुंबईची आत्या, नाहीतर थेट इस्राएलमधला मामा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार. दोस्ताची आई तर प्रत्येक फोटोवर पहिलं विचारायची, "ही मूळची कुठली?" अगदी आपल्या काकूच!

बाहेरची पोरगी आवडली तर मात्र घरात वांदे होतात, कारण त्यांच्या धर्मकायद्यात आई ज्यू असली तर पोर ज्यू. धर्मांतर करता येतं पण ते सोपं नाही.

जमलं की मग मजा. आदल्या दिवशी मेंदी, शुभकार्याला मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर केळी-खजूर, एलियाहू हन्नाबी, म्हणजे त्यांच्या संदेष्टा एलियाच्या नावानं. मी दोन प्लेटा हाणल्या. लग्नात पांढऱ्या साडीतल्या नवरीकडं बघत नवरा हिब्रू गाणं म्हणतो, आमचा गडी घामाघूम झालेला. फक्त तारीख शनिवारची धरू नका, शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो.