एलिप्सोमीटरसाठी नागपूरची बस धरण्याआधी

भाऊ, काचेवर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पॉलिमर) आणि झिंक ऑक्साइडच्या कणांची अर्ध्या मायक्रॉनची डिप कोटिंग फिल्म, म्हणजे काच द्रावणात बुडवून वर ओढून चढवलेला थर; कॉलेजात फक्त वजनकाटा आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर. तर जाडी मोजायला एलिप्सोमीटरसाठी नागपूरला जाऊ का, असं विचारलंत. एवढ्यात नका जाऊ.

एलिप्सोमीटरला कळतं ते परावर्तित प्रकाशाचं ध्रुवीकरण. जाडी आपण मॉडेल लावून काढतो. कण बारीक, नीट विखुरलेले असले तर ब्रुगमनचं मॉडेल (मिश्रणाला एकच सरासरी अपवर्तनांक देणारं) चालतं. गुठळ्या झाल्या की मॉडेल फसतं, आकडा मात्र दशांश चिन्हासकट ऐटीत येतो. त्यात काचेच्या मागच्या बाजूचं परावर्तन घोळ घालतं ते वेगळंच.

यूव्हीच्या आलेखात तरंग (फिल्मच्या वरच्या आणि खालच्या सीमेवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून येणारे चढउतार, यांवरून जाडी काढता येते) दिसत नाहीत ही मशीनची चूक नाही. पीव्हीएचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, काचेचाही तेवढाच. मग त्या सीमेवरून प्रकाश परतणार कसा? सिलिकॉनच्या तुकड्यावर त्याच वेगानं फिल्म ओढा आणि परावर्तन घ्या. 750 आणि 500 नॅनोमीटरला लागोपाठ शिखरं आली तर जाडी म्हणजे दोन्हींचा गुणाकार भागिले (दुप्पट अपवर्तनांक गुणिले दोन्हींतला फरक); अपवर्तनांक 1.5 धरला तर बरोबर 500 नॅनोमीटर. काचेवरची जाडी थोडी इकडेतिकडे असेल, पण अंदाज पक्का.

फिल्मच्या वजनावरून जाडी काढताना मी स्वतः तोंडघशी पडलोय. डिप कोटिंग दोन्ही बाजूंना बसतं हे विसरून दुप्पट जाडी लिहिली होती बाप्पा! मागची बाजू ओली असतानाच पुसा. 25 बाय 75 मिलिमीटरच्या स्लाइडवर, घनता 1.4 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर तुमची फिल्म जेमतेम 1.3 मिलिग्रॅम भरते. 0.1 मिलिग्रॅमच्या काट्याला हे फारच नाजूक. फिल्ममध्ये पोकळ्या असल्या तर खरी जाडी हिशेबापेक्षा जास्त निघते.

बस धरायचीच तर स्टायलस प्रोफायलोमीटरसाठी (पृष्ठभागावर सुई फिरवून पायरीची उंची मोजणारं यंत्र) धरा. ब्लेडनं काचेपर्यंत पायरी पाडा, सुईचा भार कमीत कमी ठेवा (पीव्हीए मऊ, चर पडते) आणि पाच ठिकाणी मोजा.

सेमसाठी (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) फिल्मचा छेद हवा असेल तर स्लाइड द्रव नायट्रोजनमध्ये गार करून मोडा, नाहीतर पॉलिमर ताणला जातो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचं भांडं असतं, विचारून पाहा.

आणि नमुने सिलिका जेलच्या डब्यात न्या. पीव्हीए ओल पितो आणि फुगतो. आपल्याकडच्या मे महिन्यातला आकडा आणि श्रावणातला आकडा एकाच तक्त्यात घालू नका.