राजीनामा लिहिण्यापूर्वी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दोनदा वाचले, आणि उत्तर लिहायला मुद्दाम चार दिवस घेतले. वीस वर्षांपूर्वी तू इथल्या, वडोदऱ्याच्या कलाभवनातून तंत्रशिक्षणाची पदवी घेऊन आमच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून आलीस, तेव्हा मापात न बसलेला एक लॉट पास करण्यासाठी तुझ्यावर दबाव आला होता आणि तू सही केली नाहीस. तेव्हापासून तुझ्याविषयी माझ्या मनात जो विश्वास आहे, त्याच विश्वासाने आज मोकळेपणी लिहीत आहे. बेचाळिसाव्या वर्षी, गुणवत्ता विभागाची प्रमुख असताना, नोकरी सोडून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) स्वतःची कॅलिब्रेशन प्रयोगशाळा, म्हणजे कारखान्यांची मोजमापाची साधने तपासून प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा, काढावी का, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की काढावी, पण या दिवाळीला नव्हे. आणि परतीची वाट आधी कागदावर लिहून ठेवल्याशिवाय तर मुळीच नव्हे.

हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, ते तुला पूर्ण ठाऊक नाही, कारण माझ्या शेडविषयी मी कारखान्यात कधी फारसे बोललो नाही. मीसुद्धा बेचाळिसाव्या वर्षीच नोकरी सोडली होती. ते साल १९९६. मकरपुऱ्यात भाड्याची शेड, जुन्या बाजारातून घेतलेली दोन लेथ आणि एक सरफेस ग्राइंडर, तीन कारागीर, एवढ्यावर मी प्लग गेज (भोकाचे माप तपासायची साधने) आणि फिक्श्चर (काम जागेवर पकडून ठेवणारी साधने) बनवायला सुरुवात केली. ग्राइंडर घेण्यासाठी सोळा वर्षांचा प्रॉव्हिडंट फंड मी पूर्ण काढून घेतला. पहिली दोन वर्षे उत्तम गेली. कामाला तोटा नव्हता, आणि जे काम येई त्यातले ऐंशी टक्के एकाच कंपनीचे होते, याचा मला तेव्हा अभिमान वाटत असे. मग मंदी आली. त्या कंपनीने काम बंद केले नाही, फक्त पैसे द्यायला उशीर करू लागली. साठ दिवसांचे नव्वद झाले, नव्वदाचे दीडशे झाले.

त्या काळातले एक दृश्य तुला सांगतो. त्यांच्या अकाउंट्स विभागाबाहेर एक लाकडी बाक होता. महिन्याची पाच तारीख आली की सकाळी दहा वाजता मी त्या बाकावर जाऊन बसत असे, कारण सात तारखेला माझ्या कारागिरांचा पगार करायचा असे. आतला कारकून भला माणूस होता. काचेतून मला चेक दाखवीत असे: रक्कम बरोबर, नाव बरोबर, दुसरी सही बाकी. सही करणारे साहेब मुंबईला गेलेले असत. दुपारी एक वाजता मी डबा न उघडता शेडवर परत जाई आणि संध्याकाळी पुन्हा येई. ज्या दिवशी मी बाकावर, त्या दिवशी ग्राइंडर बंद, कारण शेवटचा हात माझाच लागत असे. अशी पाच वर्षे काढली. २००३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, शेड आवरली आणि तू जिथे मला भेटलीस त्या कारखान्यात नोकरी धरली.

ज्याला एकच मोठे गिऱ्हाईक आहे, तो स्वतःचा धंदा करीत नसतो. तो त्या गिऱ्हाइकाची नोकरीच करीत असतो, फक्त तिच्यात प्रॉव्हिडंट फंड नसतो, रजा नसते आणि पगाराची तारीख नसते. तुझ्या पत्रात तू लिहिले आहेस की सध्याची कंपनीच तुला पहिली दोन वर्षे सगळे गेज तपासायला देईल, म्हणून काळजी नाही. मला काळजी वाटली ती नेमकी त्याच वाक्याने. कंपनीने काम द्यावे, जरूर द्यावे. परंतु तिच्याशिवाय निदान तीन कारखान्यांकडून लेखी होकार मिळाल्यावाचून पाऊल उचलू नकोस, आणि कोणाही एकाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जाणार नाही अशी आखणी आधीच कर. तोंडी होकार धरू नकोस. पर्चेसवाला बदलला की तोंडी होकार त्याच्याबरोबरच जातो.

आता तुझ्या कामाकडे वळतो. तुला गेजचे काम येते यात मला तिळमात्र शंका नाही. पण प्रयोगशाळा हा धंदा असा आहे की त्यात पहिले बिल फाडण्याच्या कितीतरी आधी पैसा बाहेर जायला लागतो. लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला धरतात, आणि १०० मिमीचा पोलादी गेज ५ अंशांनी तापला की जवळजवळ ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतो, हे मी तुला सांगायला नको. पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात ती खोली रात्रंदिवस थंड ठेवण्याचे विजेचे बिल कोण भरणार, हे मात्र सांगायला हवे. मास्टर स्लिप गेजचा, म्हणजे ज्यांच्याशी बाकीची मापे ताडून पाहतात त्या ठोकळ्यांचा संच ठराविक मुदतीने वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, कारण तुझ्या मापाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडलेली दिसल्याशिवाय तुझ्या प्रमाणपत्राला किंमत नाही. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता मिळेपर्यंत महिने जातील, आणि मोठे कारखाने त्या मान्यतेशिवाय दारात उभे करणार नाहीत. या सर्व काळात काम नसले तरी खर्च थांबणार नाही. लेथवाला मंदीत मशीन बंद ठेवू शकतो; तुझी खोली बंद ठेवता येणार नाही.

मग खेळत्या भांडवलाचा हिशेब. समज, महिन्याला दोन लाखांची बिले झाली आणि पैसे नव्वद दिवसांनी आले. म्हणजे सहा लाख रुपये कायमचे बाहेर अडकलेले. शिवाय त्या बिलांवर १८ टक्के दराने दरमहा ३६,००० रुपये जीएसटी, आणि तो पैसे हातात आल्यावर नव्हे, बिल फाडल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. खरेदीवरचा जीएसटी वजा होईल, पण प्रयोगशाळेची खरेदी सुरुवातीनंतर फार नसते. म्हणजे तीन महिन्यांत लाखभर रुपये तू स्वतःच्या खिशातून सरकारला दिलेले असतील, जे तुला अजून मिळालेलेच नाहीत. नफ्याचा धंदासुद्धा याच खड्ड्यात बुडतो, हे मी माझ्या शेजारच्या दोन शेडच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे, हेही सांगतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मुदतीत न दिलेली अशी रक्कम गिऱ्हाइकाला ती प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, ही तरतूद अलीकडची असून व्याजापेक्षा तिचाच धाक जास्त आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, पहिल्या कामाच्या आधी कर. ती विनामूल्य होते. पण एवढे लक्षात ठेव की माझ्या वेळीही १९९३ चा असाच एक कायदा होता आणि मी तो कधी वापरला नाही, कारण ज्याच्यावर तक्रार करायची त्याच्याकडूनच पुढच्या महिन्याचे काम यायचे होते. गिऱ्हाइके चार-पाच असतील तेव्हाच माणूस त्यांतल्या एकाला नोटीस पाठवू शकतो.

प्रॉव्हिडंट फंडाला हात लावू नकोस. हा माझा सल्ला नाही, आग्रह आहे. मी १९९६ मध्ये सगळे काढून घेतले, त्याबरोबर माझी आधीची पेन्शनयोग्य सेवाही संपली. दुसऱ्या नोकरीत अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा माझी सेवा नऊ वर्षे भरली, आणि मासिक पेन्शनला दहा वर्षे लागतात. रक्कम मोठी नव्हती, पण दर महिन्याला न चुकता येणारी होती, आणि ती आज घरात नाही. तुझी दोन कंपन्यांत मिळून वीस वर्षे झाली आहेत. पहिल्या कंपनीची सेवा तुझ्या आत्ताच्या खात्यात जोडली गेली आहे का, ते आधी तपास. नोकरी सोडलीसच तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनयोग्य सेवा जपून ठेवणारा दाखला घे, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होईल. भांडवलाला ग्रॅच्युइटी वापर. मूळ पगार साठ हजार आणि सध्याच्या कंपनीत बारा वर्षे धरली, तर साठ हजाराला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि बाराने गुणायचे. सव्वाचार लाखांच्या जरा आत रक्कम येते. ती गेली तर दुःख होईल, म्हातारपण उघडे पडणार नाही.

तुझ्या आईचा मधुमेह आज कंपनीच्या मेडिक्लेममध्ये धरलेला आहे. तू बाहेर पडलीस की ते छत्र जाईल, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून वेगळी पॉलिसी आत्ताच, नोकरीत असतानाच काढ.

आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांविषयी थोडे लिहितो, कारण तू लिहिले आहेस की सासरी सगळे नाराज आहेत. आपले पूर्वज इथे गायकवाडांच्या चाकरीसाठी आले. पुढे सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारकुनीपासून दिवाणीपर्यंत आपली माणसे होती, आणि नंतर रेल्वे, वीज मंडळ, बँक, विद्यापीठ यांत ती सामावली. दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यांत नोकरी म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे, प्रतिष्ठा. शेजारच्या गुजराती घरात मूल उधारी-वसुलीची भाषा ऐकत वाढते. आपल्याकडे ती भाषा चाळिशीत शिकावी लागते. सासरची माणसे भितात ती तुझ्या कर्तृत्वाला नव्हे, अनोळखी रस्त्याला. त्यांना आकडे दाखव. नुसत्या उत्साहाने त्यांची भीती वाढेल.

याच शहरात धाडसाचे उदाहरण म्हणून दादासाहेब फाळक्यांचे नाव घेतात, कारण तेही कलाभवनात शिकले. त्यांचा पहिला चित्रपट १९१३ मध्ये लागला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या आणि सरस्वतीबाईंनी दागिने दिले होते, हे सगळे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर कंपनी झाली, मतभेद झाले, फाळक्यांनी राजीनामा दिला, आणि काही वर्षांनी ते त्याच कंपनीत पुन्हा कामाला आले. मला स्वतःला त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भाग अधिक धीर देतो. कामावर प्रेम करणाऱ्या माणसाने परत येण्यात कमीपणा मानला नाही. मी २००३ मध्ये शेडचे कुलूप मालकाच्या हाती दिले तेव्हा कोणी मला ही गोष्ट सांगितली असती, तर मी वर्षभर ओळखीच्या लोकांना टाळून न्यायमंदिराच्या मागच्या गल्लीने घरी गेलो नसतो.

म्हणून परतीची वाट आधी लिही, असे म्हणतो. तारीख लिही आणि रक्कम लिही: चोवीस महिन्यांनंतर घरात दरमहा इतके आले नाहीत, तर प्रयोगशाळा विकायची किंवा एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत सामील व्हायचे आणि नोकरी धरायची. तेव्हा तू चव्वेचाळीसची असशील. गुणवत्तेतल्या अनुभवी माणसाला त्या वयात कारखाने घेतात. पन्नाशीनंतर दारे भराभर बंद होतात. मी एकोणपन्नासाव्या वर्षी आत शिरलो तो एका जुन्या स्नेह्याच्या शब्दावर, आणि पूर्वीपेक्षा कमी पगारावर. माझ्याजवळ अशी लिहिलेली तारीख असती, तर मी दोन-तीन वर्षे आधी थांबलो असतो. दर सहा महिन्यांनी वाटायचे की आता मंदी उठेल.

एक गोष्ट तुझ्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसली आणि ती विचारल्यावाचून राहवत नाही. नवे साहेब आल्यापासून तुझे पटत नाही. जर हेच मूळ कारण असेल, तर दुसरी नोकरी शोध, धंदा काढू नकोस. साहेबावरचा राग तीन महिन्यांत विरतो, शेडचे भाडे तिसऱ्या वर्षीही द्यावे लागते. नवे साहेब नसते, जुनेच असते, तरीही ही प्रयोगशाळा काढावीशी वाटली असती का, याचे उत्तर तू स्वतःला एकांतात दे. ते ‘हो’ असेल तर तुझ्या यजमानांचा बँकेतला पगार हा तुझा मोठा आधार आहे, जो माझ्या घरात नव्हता. त्यांच्या पगारावर घर किती महिने पूर्ण चालेल आणि मुलाच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचे पैसे बाजूला राहतील का, हे दोघांनी एकत्र बसून पाहा.

येत्या रविवारी सकाळी दोघेही या. गेल्या सहा महिन्यांचा घरखर्च लिहून आण, आणि ज्या कारखान्यांशी बोलणे झाले आहे त्यांची यादी, प्रत्येकापुढे ते आज त्यांच्या पुरवठादारांना किती दिवसांनी पैसे देतात हे विचारून. माझी शेडची जुनी येणे-बाकीची वही मी कपाटातून काढून ठेवली आहे. १९९९ ची पाने तुला दाखवायची आहेत. काकूंनी तुझ्यासाठी साटोऱ्या करायच्या ठरवल्या आहेत, तेव्हा जेवूनच जायचे.

तुझा,
काका